धुरपताबाईचं मोटेवरचं गाणं

कारंज्याच्या वेशीबाहेर जेवढे मळे, त्यांत धुरपताबाईएवढी भित्री बाई दुसरी नव्हती. पाल चुकचुकली की दचकायची, आभाळ गडगडलं की गोधडीत शिरायची. विहिरीच्या काठाशी तर तिला हाताला धरून न्यावं लागे. बायका टिंगल करत. करोत बापड्या! त्यांच्यावर तशी वेळ यायला पाहिजे होती, म्हणजे कळलं असतं.

तिचा नवरा शालिग्राम वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचा. सन तीसच्या आगेमागे त्याच्या मोटेचं मोठं नाव होतं, कारण लाल्या आणि बांड्या हे त्याचे बैल गाण्यावर चालत. तो गाऊ लागला की बैल धावेच्या उतारानं पुढं जात आणि भरली मोट वर येई. मोट काठावरच्या थारोळ्यात, दगडी कुंडात, रिती झाली की तो गप्प होई. लगेच बैल आपसूक मागं सरत आणि मोट खाली जाई. गाणं उतावळं झालं तर बैलही उतावळे. "माह्या बैलाईले पुराणी कायले पायजे?" असं तो मिशीवर ताव देऊन सांगायचा; टोचणीची काठी त्यानं कधी हातात धरलीच नाही. एवढी शिकवण अंगाशी येईल हे त्याच्या बापालाही सुचलं नसतं.

त्या दिवशी कामरगावचा बाजार. शेजारच्या मळ्यांत चिटपाखरू नव्हतं. मोट आत कपारीला अडकली म्हणून शालिग्राम विहिरीच्या भिंतीतल्या पायठण्यांनी खाली उतरला. मोट सुटली, पण तिच्याबरोबर एक दगडही सुटला आणि त्याच्या पायावर बसला. धुरपताबाई वाफ्यात पाणी वळवत होती. किंकाळी ऐकून तिच्या हातातलं फावडं गळून पडलं.

"धुरपते! पाय गेला माहा! मी मोटीत बसून राह्यलो. तू गानं म्हन, बैल चालतीन. हळू म्हन, नाई त भिंतीवर आपटीन मी. अन् थांबू नको!"

"अजी, मले नाई येत हो!" ती रडकुंडीला आली.

"म्हन वं माय!"

ती बैलांच्या तोंडाशी गेली. पहिली ओळ चिरकली तशी बैलांनी कान टवकारले आणि झपकन पाय टाकले. आतून "मेलो!" असा आवाज आला. देवा रे! आपली भीती बैलांना ऐकू जाते, हे तिला तेव्हा कळलं. तिनं पोटात श्वास भरला, आवाज खाली आणला, आणि रडणाऱ्या लेकराला थोपटावं तशी गाऊ लागली:

"चाल लाल्या दादा, मेथी तहानली रे,
चाल बांड्या दादा, वाट पाहे वांगं रे..."

बैल सावकाश चालू लागले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज तिनं हलू दिला नाही. विहीर बैलांच्या पाठीमागं, वळून पाहिलं तरी त्यांच्या आडून काही दिसलं नसतं. बैल धावेच्या टोकाशी येऊन थांबले. मोटेचा दोर, नाडा, ताठ. म्हणजे मोट वर आली असणार.

"आले का हो वर?" हेही तिनं चालीतच घालून गायलं.

मागून उत्तर नाही.

बेशुद्ध पडले असतील? मधेच सुटून खाली गेले असतील? आपण रिकाम्या मोटेसाठी गातोय? धावत जाऊन पाहावं, तर गाणं तुटेल आणि बैल मागं फिरतील. दोन बैलांपुढं तिच्या मनगटाचं काय चालणार! वाफ्यातल्या भाज्या गाऊन संपल्या, मग माहेरच्या गल्ल्या, मग जावांची नावं, जे तोंडात येईल ते तिनं चालीत ओढलं. आपण रांडमुंड झालो आणि तरी गातोय, असंच तिला वाटत राहिलं.

एकाएकी ओला हात खांद्यावर पडला. तिची बोबडीच वळली. एका पायावर, रक्तानं माखलेला शालिग्राम मागं उभा होता. बैल मागं सरले आणि रिकामी मोट धबकन पाण्यात पडली.

तिनं त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या. "आवाज काहून नाई देला हो? मी मेली ना इकडे!"

"आयकू येत होतं मले," तो धापा टाकत म्हणाला. "पन पाय मोटीतच अडकून होता. मी 'हो' म्हनलं असतं, त तू गानं सोडून पळत आली असती."