नाल्याची नात

मासोळी एकटी होती, एवढाच तिचा गुन्हा. बाकी सगळा घोळ ओलेभाऊंनी घातला. शनिवारी दुपारी त्यांनी डाव्या रांगेतल्या टाकीत जाळी घातली, तिला अलगद उचललं आणि उजव्या रांगेतल्या टाकीत, वीसेक मासोळ्यांच्या घोळक्यात सोडून दिलं. "जा बाई, दोन दिवस गप्पा मार," असंही वर म्हणाले. सोमवारी मॅडम यायच्या आत तिला परत काढायला गेले, तर टाकीत सगळ्याच बोटभर, सगळ्याच मातकट, आणि सगळ्याच त्यांच्याकडे अशा बघत होत्या की जणू आपलीच काही वस्तू हरवली आहे.

ते धावत वर गेले आणि बागेतल्या बागवानाकडून भिंग मागून आणलं. पानांवरची कीड बघायचं ते भिंग. त्यातून एवढंच कळलं की सगळ्या मासोळ्या सारख्या आहेत, फक्त मोठ्या.

ओलेभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कॉलेजच्या तळघरातल्या काचेच्या टाक्या सांभाळता सांभाळता त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत कायम ओल्या असत, म्हणून पोरांनी ठेवलेलं. बायको म्हणायची, "पहिल्या भेटीतच मला कळलं होतं, हा माणूस काही वाळायचा नाही." कारण कॉलेजात येण्याआधीची निम्मी हयातही त्यांनी पाण्यातच काढली होती, रंगाच्या कारखान्यात, हौदावर. तिथला एक नियम त्यांच्या हाडात भिनला होता: हौदावर कुणाला एकटं ठेवायचं नाही. आत पडला तर ओरडलेलं ऐकायला कुणीतरी हवं. पोटाला घास आणि हौदावर जोडीदार, दोन्ही चुकवायचे नाहीत. थंडीच्या लाटेत डाव्या रांगेतल्या मासोळ्या एकेक करून गेल्या आणि ही एकटीच काचेला नाक लावून उरली, तेव्हा त्यांच्या मेंदूनं काही विचारच केला नाही. हातानंच जाळी उचलली.

तळघर हिरवट होतं. वरच्या झरोक्यातून वेलींमधून गाळून आलेला उजेड टाक्यांतून जायचा आणि छतावर डुलत राहायचा. हवेच्या पंपाची बुडबुड अशी सारखी, की दुपारी स्टुलावर बसलं की डोळा लागायचाच. मग ओलेभाऊंना हौद दिसत. आणि हौदांतून वाहणारा नाला: कारखान्यात जो रंग चढलेला असेल, तो नाल्याला. त्यांची लेक लहान असताना पुलावरून खाली वाकून सांगायची, "आज बाबांचे हात जांभळे येणार!" आणि हात जांभळेच यायचे. त्याच नाल्यात, त्या जांभळ्यात, बोटभर मासे पोहत असत. कसे, ते कुणालाच कळत नव्हतं. कुणी विचारतही नव्हतं.

कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं. नाल्यातले मासे आणि धरणाच्या वरच्या स्वच्छ पाण्यातले मासे, दोन्ही आणून दोन रांगांत ठेवले आणि स्वच्छ पाण्यातच वाढवले. नाल्यातल्यांची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. प्रश्न साधा होता. नाला सोसायची ताकद सवयीतून आलेली की रक्तातून? नाला कधी न पाहिलेली नातसुद्धा ते पाणी सोसेल का? दरम्यान कारखाना बंद पडला, नाल्यावर सिमेंटची झाकणं पडली, आणि तिथून दुसरी मासोळी आणायची सोय राहिली नाही. राहिली ही एक. नाल्याची नात.

आणि बुधवारी पिंपात जपून ठेवलेलं नाल्याचं पाणी उजव्या टाकीत ओतायचं होतं. वरच्या पाण्यातल्या मासोळ्या कलंडतात कधी, ते बघायला. कलंडली की लगेच उचलायची. काही उठतात, काही नाही. त्यात आता आपलीही एक आहे, हे फक्त ओलेभाऊंना ठाऊक होतं. तीही थंडीत गेली म्हणून गप्प राहिलं, तर चालणारही होतं. एक कलंडली नाही, तर मॅडम चक्रावतील, वर्षभराची मेहनत वाकडी होईल, पण बोट कुणाकडे दाखवणार?

सोमवारी मॅडमनी पिशवी टेबलावर ठेवली आणि डाव्या रांगेकडे पाहिलं.

"भाऊ, ही टाकी रिकामी का?"

"रिकामी नाही मॅडम. ती पाहुणी गेलीय."

"कुठे?"

त्यांनी उजवीकडे मान केली. मॅडम उजव्या टाकीशी वाकून मासोळ्या मोजू लागल्या. पंप तेवढा बोलत होता.

"का हो?" शेवटी त्यांनी विचारलं, आणि त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"एकटी होती."

"मासा आहे तो, भाऊ!"

"मला माहिती आहे ना. तिला कुठे माहिती आहे?"

मॅडमना हसू आलं ते त्यांनी दाबलं, आणि मग खरोखरच रागावल्या. तो सगळा राग इथे लिहिण्यासारखा नाही; एवढंच सांगतो की त्यात 'जबाबदारी' हा शब्द पुष्कळदा आला. राग संपल्यावर त्यांनी कात्री काढली. प्रत्येक मासोळीच्या शेपटीचा नखाएवढाही नाही असा तुकडा कापायचा, प्रत्येकीला वेगळ्या भांड्यात ठेवायचं, आणि तुकड्यातली जनुकं यंत्रानं वाचायची. शेपटी पुन्हा वाढते. यंत्राला मात्र आठवडा लागतो, म्हणून बुधवारचं पाणी ओतणं पुढे गेलं. ओलेभाऊ ओंजळीत मासोळी धरून उभे राहत, मॅडम कापत. "दुखतं का?" असं ते दरवेळी विचारत. मॅडमना की मासोळीला, ते कळत नव्हतं.

आठवडा सरता सरेना. ओलेभाऊंनी उजव्या टाकीतलं शेवाळ तपासलं, तर त्यात बारीक काचेच्या मण्यांसारखी अंडी. नातीची की दुसरीची, देव जाणे. भिंग पुन्हा कामाला आलं.

"भाऊ," बागवान झरोक्यातून ओरडला, "भिंग खाऊन टाकलं का?"

"आणतो रे, दोन दिवसांत!"

खरं तर त्यांना मॅडमना दुसरंच काही विचारायचं होतं. लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि तिला सातवा महिना होता. ती ह्या जांभळ्या हातांवर वाढली होती. शेवटी भांडी धुता धुता त्यांनी विचारून टाकलं.

"मॅडम, नाल्यातलं नातीपर्यंत पोचतं म्हणता. मग आमचं?"

मॅडमनी हातातलं काम ठेवलं. "भाऊ, विष आलं की अंगात एक घंटा वाजते. पिल्लात ती इतकी वाजते की तिनंच पिल्लू मरतं. ज्यांची घंटा जन्मतःच मुकी, ती वाचतात. नाल्यानं कुणाची घंटा मुकी केली नाही. वाजणारी सगळी मारली, मुक्यांची पोरं उरली."

"मग चांगलंच की."

"घंटा काही फुकट नसते ना. मुकी असली की दुसरं काही बिघडलं तरी कळत नाही. थंडीत ह्याच का गेल्या, तेही बहुतेक त्यामुळेच. अजून खात्री नाही." मग हळू आवाजात म्हणाल्या, "माणसाचं मला सांगता येणार नाही. खोटं बोलणार नाही तुमच्याशी. लेकीच्या डॉक्टरांना कारखान्याचं सांगितलंय का?"

नव्हतं सांगितलं. त्या नाल्यातला एक दगड कोपऱ्यातल्या बशीत होता. त्यावरचे बुळबुळीत जंतू रंगच खातात. मॅडम म्हणायच्या, ही युक्ती एक जंतू दुसऱ्याला देतो, शेजाऱ्याला शिडी द्यावी तशी, नातं ना गोतं. ओलेभाऊंनी दगडाकडे पाहिलं. ज्यांच्या पोटी आपण आलो त्यांच्याकडूनच सगळं घ्यावं लागत नाही, ह्याचं त्यांना उगाच बरं वाटलं.

संध्याकाळी ते लेकीकडे गेले आणि सगळं सांगितलं. लेक म्हणाली, "बाबा, मी जन्मले तेव्हा जांभळी होते का?"

"नाही. लाल होतीस. आणि फार ओरडत होतीस."

"मग माझी घंटा वाजतेय," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना तिनं कारखान्याचं सांगितलं. डॉक्टरांनी आणखी तपासण्या केल्या आणि म्हणाले, आत्ता दिसतंय तेवढं ठीक आहे. पुढचंही बघत राहू. ओलेभाऊंनी 'तेवढं' हा शब्द घरी आणला आणि पुष्कळ वेळ हातात धरून बसले.

यंत्रानं नात शोधून दिली. कोपऱ्यातल्या भांड्यात होती, सगळ्यांत शांत. मॅडमनी तिला तिच्या टाकीत सोडलं आणि न विचारता उजव्या रांगेतली टाकी काचेला काच लावून सरकवली. "दिसलं तरी पुरे ना?" त्या म्हणाल्या. अंड्यांचंही वाचून झालं होतं: काही तिची होती. अर्धा नाला, अर्धं वरचं पाणी. असं काही करायचं त्यांच्या मनात नव्हतं, आणि आता ते लिहायला आणखी एक वर्ष जाणार होतं. ते वर्ष त्यांनी ओलेभाऊंना ऐकवलं, आणि तळघराची किल्ली त्यांच्याकडेच राहू दिली.

आता दुपारी ओलेभाऊ स्टुलावर बसतात आणि अंड्यांवर भिंग धरतात. मण्याच्या आत दोन काळे ठिपके आलेत. ते ठिपके वळतात. छतावर उजेड डुलतो, पंप बोलतो, आणि त्यांना वाटतं, आपण पुलावर उभे आहोत, खाली पाणी आहे, आणि आज त्याचा रंग कुणालाच ओळखता येत नाहीये.

"भाऊ!" झरोक्यातून हाक येते. "माझ्या गुलाबांवर कीड पडलीय हो! भिंग?"

"ते जंतू बघ, दिलेलं कधी परत मागत नाहीत!"

"मी जंतू आहे का?"

"उद्या आणतो," ओलेभाऊ म्हणतात, आणि ठिपक्यांवरची नजर हलवत नाहीत.