व्हाकोआत माड लावणारा काका

बातमी आली तेव्हा मी काकाचीच नक्कल करत होतो. रिव्हिएर दू रांपारला, आमच्या गावात, नाक्यावर चिनी माणसाचं दुकान आहे, त्याच्या ओट्यावर शनिवारी दुपारी आम्ही पाचसहा जण बसतो. कुणीतरी म्हणालं, "तुझा तो व्हाकोआचा काका कर की." मी लगेच कानटोपी ओढल्यासारखं केलं, दोन्ही हात काखेत घातले आणि दात वाजवत म्हणालो, "थंडी? कुठाय थं-थं-थंडी? मनाची समजूत सगळी!" पोरं लोळली हसून. तेवढ्यात दुकानदार आतून बाहेर आला. आमच्या घरी टेलिफोन नाही, निरोप त्याच्याकडेच येतात. तो माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "तो तोंतों व्हाकोआ... फिन मॉर." तो तोंतों म्हणजे तुझा काका. फिन मॉर म्हणजे गेला. माझे हात अजून काखेतच होते... ते बाहेर कसे काढायचे तेच मला सुचेना.

काकाचं नाव वासुदेव, माझ्या बापाचा धाकटा भाऊ. आमचं सगळं खटलं इथे उत्तरेला, वांगी, भेंडी, टोमॅटो करणारं. शाळेत टिकला तो एकटा काका, म्हणून सरकारी कचेरीत कारकून झाला आणि बेटाच्या मधल्या उंच भागात, व्हाकोआला घर करून राहिला. आमच्याकडे व्हाकोआचं नाव काढलं की माणसं आधी स्वेटर शोधतात. बेट ते केवढं, दोन बसमध्ये माणूस पोचतो, पण खाली आमच्या अंगाला घाम चिकटलेला आणि वर तिकडे जून-जुलैत, म्हणजे आमच्या हिवाळ्यात, सकाळी अंगणातली कपड्यांची दोरी दिसत नाही इतकं धुकं. वर बारीक पाऊस, दिवसच्या दिवस. शेवाळ तर भिंतीवर तुमच्या देखत वाढतं. तिथे माड नीट होत नाही. लावला तर कसाबसा जगतो, पिवळा पडतो आणि एखाद्या हिवाळ्यात बसतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

पण आमच्या घरात रीत अशी की मूल झालं की त्याची नाळ परसात पुरायची आणि तिच्यावर कोंब आलेला नारळ लावायचा. कोकणातून आलेल्या पणज्यानं ही रीत आणली, का ते कुणी विचारत नाही. माझा माड आमच्या घरामागे आहे, माझ्यासारखाच उंच आणि वाकडा. काकाची पोरगी शोभा जन्मली ती व्हाकोआला. काकी म्हणाली, "उत्तरेला नेऊन लावू या हिचा नारळ." काका म्हणाला, "पोर इथली, तर झाड पण इथलंच." लावला. शोभा दीड वर्षाची असताना हिवाळ्यात तिला पहिल्यांदा दमा उठला, आणि त्याच आठवड्यात माडाची पानं पिवळी पडली. तिथून काकीच्या डोक्यात झाड आणि पोर एक झाली. काकी खुळी नाही हो. एकुलती पोर श्वासासाठी तडफडताना बघितली की माणूस डोकं टेकायला कुठेतरी जागा शोधतंच. ती रोज उठून आधी झाड बघायची, मग येऊन शोभाच्या छातीवर हात ठेवायची.

शाळेची परीक्षा झाल्यावर मला व्हाकोआला एका लोखंडसामानाच्या दुकानात काम मिळालं आणि मी काकाकडे राहायला गेलो. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा, शोभा सात. पहिल्याच सकाळी अंगणात गेलो, हात चोळले आणि म्हणालो, "अय्यो काका, काय थंडी आहे रे!" काकानं धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. "झाडासमोर थंडी म्हणायचं नाही!" मला वाटलं हा माझी फिरकी घेतोय. पण तो नियमच होता. त्या अंगणात दात वाजले तरी चालतील, शब्द काढायचा नाही. शेजारी कुंपणावरून काही बोलायला लागला की काका मोठ्यांदा खोकायचा. मे महिना आला की तो माडाच्या सगळ्या झावळ्या वर एकत्र धरायचा, वरून तागाची गोणी चढवायचा आणि सुतळीनं बांधून टाकायचा. मुळाशी रोज सकाळी कोमट पाण्याची किटली. मग घड्याळ बघून टाय लावून कचेरीत. मी त्याला विचारायचो, "काका, आज झाडानं अंघोळ केली, चहा घेतला, आता कचेरीला पण नेतोस का?" तो म्हणायचा, "नेलं असतं रे नकल्या, पण तिथे तुझ्यासारखी आळशी माणसं आहेत, झाडाला सवयी लागतील."

एक गोष्ट मात्र मला कळेना. शोभा माझ्या देखत वाढत होती, झाड मात्र तिच्या कमरेच्या वर जात नव्हतं. सात वर्षांचा माड असा कुठे असतो? त्याच वर्षी ऑगस्टात काकी शोभाला घेऊन आठवडाभर माहेरी गेली आणि काका मला म्हणाला, "इकडे ये." गोणी सोडलेली होती. त्यानं मधला न उघडलेला कोंब दोन बोटांत धरला आणि हलकेच ओढला. कोंब अख्खा हातात आला... जणू बाटलीचं बूच निघावं तसा. खालचं टोक तपकिरी, चिकट, त्याला आंबूस घाण वास. "संपलं," काका म्हणाला. "बाजूची पानं अजून महिनाभर हिरवी दिसतील. पण हे संपलं." तो खाली बसला. मी त्याला तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाला, "हे तिसरं आहे. काकीला माहीत नाही."

शोभा दोन वर्षांची असताना पहिलं मेलं होतं, पाचची असताना दुसरं. दोन्ही वेळा काकी माहेरी असताना काकानं त्याच खड्ड्यात, त्याच उंचीचं दुसरं रोप लावलं होतं. माझा बाप घरामागे डब्यांत नारळाची रोपं वाढवतो. त्याला काकानं सांगितलं होतं की कचेरीतल्या साहेबाला माडाचा शौक आहे. या वेळी रोप आणायला मी गेलो. बाप म्हणाला, "आणखी एक? हा साहेब माड लावतो का खातो?" मी दोन बसमधून ते रोप मांडीवर घेऊन आलो, झावळी शेजारच्या बाईच्या नाकात जात होती. आम्ही दोघांनी ते लावलं, माती दाबली, वर जुनी सुकी पानंसुद्धा पसरली, म्हणजे नवी माती दिसू नये. संध्याकाळी काकी आली, शोभाचा हात सोडला आणि सरळ अंगणात गेली. झाडाला हात लावला. म्हणाली, "या वर्षी तजेला आहे नाही, अहो?" काका म्हणाला, "मग! पोरगी पण बघ कशी टवटवीत आलीय." आणि खरंच, काकी त्या रात्री शांत झोपली. काकाला एवढंच हवं होतं. झाडाचं काय व्हायचं ते होवो, तिची झोप राहिली पाहिजे.

हे गुपित मी दोन वर्षं पोटात ठेवलं. मग गेल्या वर्षीचा गणपती आला. उत्तरेचे सगळे व्हाकोआला आलेले, आरती झालेली, बायका आत मोदक वाढून घेत होत्या. माझ्या बापानं बाहेर सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे वासू, तुझ्या साहेबाला अजून किती माड लागणार?" लोक हसले. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली, कारण असं काही झालं की मी उठतो, हे ठरलेलंच आहे. मी उठलो. कानटोपी ओढली, कंबरेत वाकलो आणि काकाच्या आवाजात एका नसलेल्या रोपाशी बोलायला लागलो. "हे बघ बाळा, आधीचे तीन गेले ते विसर. कुणी विचारलं तर सांगायचं मी पहिल्यापासून इथेच आहे. आणि बाई हात लावेल तेव्हा जरा ताठ उभा राहा, काय?" लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. माझ्या आजवरच्या नकलांमध्ये ती सगळ्यात सुरेख झाली होती, हे मला आजही म्हणावं लागतंय... काकी मोदकांचं ताट घेऊन दारात उभी होती.

ती ओरडली नाही. ताट खाली ठेवलं, अंगणात गेली. काका मागे गेला. मी खिडकीतून ऐकलं. तिनं विचारलं, "कितवं?" काका म्हणाला, "चौथं." बस्.

दुसऱ्या दिवशी काका मला बसपर्यंत सोडायला आला. दुकानातली नोकरी संपली होती, मी कायमचाच उत्तरेला परत निघालो होतो. मला वाटलं आता तो झापणार, आणि मी तयार होतो, झापलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "नक्कल छान करतोस माझी. आवाज अगदी तोच." बस आली. मी चढलो. खालून म्हणाला, "पण ती हसली नाही रे."

मग मी गेलोच नाही. दिवाळीला नाही, नव्या वर्षाला नाही. बाप म्हणायचा काका विचारत होता, मी म्हणायचो जातो पुढच्या शनिवारी. रिकाम्या हातानं जायला तोंड नव्हतं. मार्चमध्ये मी पांपलमूसला बागेत गेलो. ती झाडांची मोठी जुनी सरकारी बाग, माडाच्या जातीचीच कितीतरी झाडं तिथे आहेत. एक म्हातारा माळी पाइपानं पाणी घालत होता, त्याला काकाच्या झाडांची सगळी कहाणी सांगितली. नक्कल न करता सांगितली. तो गोणीचं ऐकल्यावर पाणी बंद करून माझ्याकडे बघायला लागला. "गोणी? व्हाकोआच्या पावसात? अरे, ओली गोणी म्हणजे मरण. गारठ्यानं झाड थांबतं, मरत नाही लगेच. आत पाणी साठून कोंब कुजतो तुझ्या काकाचा." मग त्यानं सांगितलं, माती उंच करून तिच्यावर झाड लावा, पाणी वाहून गेलं पाहिजे. डोक्यावर पत्रा धरा, चारी बाजू उघड्या ठेवा. आणि बुंध्याभोवती आपले काळे दगड रचा, ते दिवसभर ऊन पितात आणि मग झाडाला देत राहतात.

म्हणजे काका ज्या मायेनं झाडं गुंडाळत होता, तीच त्यांना मारत होती. आणि हे आता मला माहीत होतं, त्याला नव्हतं. मे महिन्याच्या आत त्याला सांगायचं, गोणी चढवायच्या आधी, एवढंच करायचं होतं. त्याला किती आनंद झाला असता... मी ठरवलं, जाईन तेव्हा पत्रा आणि दगड घेऊनच जाईन, त्याला चकित करीन. एप्रिल गेला. मे गेला. लाजेला रोज नवीन कारण सापडतं, कधी पाऊस, कधी भाजीची तोडणी, कधी बापाची कंबर. जुलै संपता संपता काका सकाळी कचेरीला निघाला, कोपऱ्यावर छातीत कळ आली, आणि शेजारच्यांनी त्याला घरी उचलून आणलं तेव्हा सगळं झालेलं होतं.

तेराव्याला पाहुणे निघून गेल्यावर मी अंगणात गेलो. चौथा माड गोणीत बांधलेला, पावसानं काळा पडलेला. काकी येऊन शेजारी उभी राहिली. म्हणाली, "या वेळी झावळ्या मी धरल्या होत्या."

मी तिच्याकडे बघितलं.

"महिनाभर बोलले नाही मी त्यांच्याशी. मग एकदा शोभा पावसात शाळेतून पळत आली आणि मला वाटलं, तीन मेली तरी ही पळतेय. माझी भीती तिथेच गळाली बघ. मग मेमध्ये मीच गोणी काढून दिली. म्हटलं, बांधा तुमचं लेकरू. खूश झाले. तुझ्याबद्दल बोलत होते बांधताना. म्हणाले, नकल्या येत नाही, त्याला सांग काकीनं माफ केलंय."

मी गोणीकडे बोट करून सगळं सांगितलं, माळी, ओली गोणी, पत्रा, दगड. काकी ऐकत राहिली. मग विचारलं, "कधी सांगितलं त्यानं तुला?"

"मार्चमध्ये."

"मार्चमध्ये..." काकी म्हणाली.

मी गुडघ्यावर बसलो आणि सुतळीला हात घातला. पाच ठिकाणी गाठी होत्या. काका प्रत्येक गाठ दोनदा मारायचा आणि टोक आत खोचायचा, कचेरीतल्या फायली बांधायची सवय. पावसानं त्या दगडासारख्या झालेल्या. मी चाकू मागितला. काकी म्हणाली, "थांब. कापू नकोस. सोडू पण नकोस." तिनं शोभाला हाक मारली. शोभानं खालून झावळ्या दोन्ही हातांत घट्ट धरल्या, आणि काकीनं गोणी दोन्ही बाजूंनी पकडून वर, हळूहळू वर ओढली, शाळेतून आलेल्या पोराचा स्वेटर डोक्यावरून काढतात तशी. एकही गाठ सुटली नाही. झावळ्या बाजूला पडल्या. मधला कोंब फिकट हिरवा, उभा होता. मी दोन बोटं पुढे केली, काकीनं माझा हात बाजूला केला. "ओढून बघायचं नाही. जगायचं तर जगेल."

त्यानंतरचे दोन रविवार मी तिकडे काढले. पत्रा बसवला, दगड रचले, माती चढवली. झाडाचं अजून काही सांगता येत नाही. गोणी काकीनं स्वयंपाकघरात चुलीच्या कोपऱ्यात आणून ठेवलीय. ती वाळून कडक झालीय, आत काही नाही तरी आपली आपण उभी राहते, पाचही गाठी जागच्या जागी. झाडलोट करताना काकी ती दोन हातांनी उचलते, खालचा केर काढते आणि परत तिथेच उभी करते. वरच्या गाठीतून सुतळीचं एक टोक बाहेर आलंय. मागच्या रविवारी शोभा ते आत खोचायला गेली, आणि काकी म्हणाली, "राहू दे गं... ते त्यांनाच नीट जमायचं."