काळ्या काकवीचा केक

आमच्या घरात पहिला केक आला तो दौंडहून, जीपमध्ये थोरल्या दिरांच्या मांडीवर बसून. वाटेत त्यांनी त्याला कुणाचा हात लागू दिला नाही म्हणे. जावेच्या मुलाचा वाढदिवस होता. पांढऱ्या क्रीमवर लाल अक्षरांत त्याचं नाव आणि कडेनं गुलाबी फुलं. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. भांडगावात तेव्हा हायवेच्या कडेला ढाबे होते, पंक्चरची दुकानं होती, पण केक मिळत नव्हता. त्यामुळे निम्मी आळी तो बघायला आमच्या ओट्यावर जमली. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. अंड्याचा पदार्थ म्हणून त्या आतच बसून राहिल्या, आणि मुलानं मेणबत्ती फुंकली तेव्हा आतूनच ओरडल्या, "अरं, वाढदिसाला दिवा इझवत्यात व्हय!" टाळ्यांच्या आवाजात ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

माझ्या लेकीला माघात पाच वर्षं पूर्ण होणार होती. ती सगळ्यांच्या पायांतून वाट काढत पुढे गेली, वाट्याला आलेलं क्रीमचं फूल बोटावर धरून मला दाखवायला आली आणि मग ते चाटून टाकलं. तिनं काहीच मागितलं नाही. मागितलं मी. दिरांशी मी थेट बोलत नसे, तशी रीत नव्हती, म्हणून त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं जावेला म्हटलं, "ताई, माघात आमच्या बाईचा बी असाच आणू या."

दीर हसले. "पोरीला कशाला केक? शिरा करा, ओवाळा, झालं की."

वाईट मनानं म्हणाले असते तर मी तिथंच भांडले असते. पण ते अगदी सहज म्हणाले, गाईला पेंड आणि वासराला दूध म्हणावं तसं, आणि म्हणूनच मला ते जास्त झोंबलं. घरचा सगळा व्यवहार त्यांच्या हातात. आमच्या मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "दादा बोललाय न्हवं? सोड आता." माझं माहेर केंदूरचं, पाण्यासाठी पायपीट करून वाढलेली पोर मी. कुणी नाही म्हटलं की थांबायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. विकत आणणार नसतील तर मी करीन, असं मी ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही.

माझ्याकडे एक कुकर होता, माहेरून आलेला. त्याच्या खोक्यात पाककृतींचं पुस्तक होतं आणि शेवटून दुसऱ्या पानावर केक होता. मैदा, लोणी, पिठीसाखर, दुधाचा गोड डबा, अंडी. वाचूनच हसू आलं. अंडं घरात येणं शक्य नाही. लोणी सासूबाईंच्या ताब्यात. गोड दुधाचा डबा मी फक्त यवतच्या दुकानात फळीवर पाहिला होता, आणि तोही वरच्या फळीवर. मग मी एकेक खोडत गेले. मैद्याऐवजी घरचं गव्हाचं पीठ, धोतराच्या जुन्या पानातून दोनदा गाळून. लोण्याऐवजी शेंगदाण्याचं तेल. साखर आणि दुधाच्या डब्याऐवजी काकवी, कारण काकवीला आमच्याकडे तोटा नव्हता. शेताच्या बांधाला आमचं गुऱ्हाळ होतं आणि हंगाम चालू होता.

बाजाराला गेले तेव्हा यवतच्या बेकरीतून खायचा सोडा आणला. ती बेकरी एका जुन्या मुसलमान कुटुंबाची. ईदला आणि दिवाळीला बाया घरचं पीठ, तूप, साखर घेऊन तिथं नानकटाई भाजून घ्यायला रांग लावत, म्हणून गल्ल्यावरच्या चाची मला ओळखत होत्या. केक करायचाय म्हटल्यावर त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटलीत दोन बोटं इसेन्स ओतून दिला आणि म्हणाल्या, "जास्ती नको टाकू, नाहीतर दवाखान्यासारखा वास येतो."

आता काकवी. गूळ करणाऱ्या प्रत्येक घरात गूळ दोन तऱ्हेचा असतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. बाजारात जातो तो पिवळाधमक. त्यासाठी रसात चुना मारतात, वर पावडर टाकतात, नाहीतर व्यापारी भाव पाडतो. घरात खायला ठेवतात तो काळपट, त्यात काही न घातलेला. पाहुणे आले की पिवळा बाहेर काढायचा, आपण काळा खायचा. काकवीचंही तसंच. मला दौंडच्या केकची बरोबरी करायची होती. काळी काकवी घालून केक काळा झाला तर दीर काय म्हणतील हे मला आधीच ऐकू येत होतं. मी गुऱ्हाळावरून पिवळी, सोन्यासारखी काकवी मागून आणली.

दुपारी सगळे शेतात गेल्यावर मी कुकरची शिट्टी काढली, झाकणाचं रबर काढलं, तळाला धुऊन वाळवलेली वाळू पसरली आणि गॅसवर ठेवला. तेवढ्यात सासूबाई पाणी प्यायला आत आल्या. कुकरात डोकावल्या आणि मागं सरकल्या. "वाळू शिजवतीस व्हय गं? डोस्कं फिरलं का काय!"

"केक करतेय, आत्याबाई. अंडं न्हाई त्यात."

त्या घटाघटा पाणी प्यायल्या. मग तांब्या जागेवर ठेवून म्हणाल्या, "कुकर जाळू नगंस," आणि निघून गेल्या.

पीठ घालून ठेवलेला डबा कुकरातून बाहेर काढला तेव्हा आत भाकरीएवढ्या उंचीचा एक पिवळट रोट होता. दाबला तर दबेना. दुसऱ्या खेपेला मी सोडा दुप्पट घातला. तो वर आला नाहीच, शिवाय चव अशी झाली की जीभ धुवावी लागली. जावेनं कोपरा मोडून तोंडात टाकला आणि लगेच अंगणात जाऊन थुंकली. "केक हाय का कापडाचा साबण?" मी म्हटलं, काकवीत काहीतरी गडबड आहे. "व्हय की," ती म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." उरलेला मी म्हशीपुढे टाकला. म्हशीनं हुंगलं आणि मान फिरवून माझ्याकडे पाठ केली. त्या दिवशी मी गोठ्यात उभी राहून रडले, आणि रडता रडता म्हशीलाच दोन शिव्या घातल्या.

पण अंगण खरंच वाकडं होतं, हे माझं मन सांगत होतं. माहेरी आई धिरड्याच्या पिठात ताक घालून वर सोड्याची चिमूट टाकायची, की पीठ कसं हसून वर यायचं. माझी काकवी मात्र सोडा घातला तरी मख्ख. मी दोन वाट्या घेतल्या. एकीत पिवळी काकवी, दुसरीत घरची काळी. दोन्हींत चिमूट चिमूट सोडा टाकून ढवळलं. पिवळी तशीच पडून राहिली. काळी फसफसली, फेस धरून वाटीच्या काठापर्यंत चढली. मी वाटीकडे बघतच राहिले. काळ्या काकवीत उसाचा आंबटपणा शाबूत होता. पिवळीतला चुन्यानं मारून टाकला होता. रूपासाठी मी जी निवडली, तिच्यातच जोर नव्हता.

लगेच पदर खोचून गुऱ्हाळावर गेले. रस उकळायच्या काहिलीपाशी उभ्या गुळव्याला म्हटलं, "बिनचुन्याची काकवी द्या, चांगली तांब्याभर."

"वैनी, ती काळी हाय. पाहुण्यांना ठेवायची असंल तर ही पिवळी न्या की."

"पाहुण्यांना न्हाई. मला काळीच पायजे."

तिसऱ्या खेपेला मी काळी काकवी घातली आणि भरीला वाटीभर आंबट ताक. झाकणाच्या फटीतून वास सुटला तेव्हाच मला कळलं. डबा उघडला तर केक कडेपर्यंत फुगला होता, गडद तपकिरी, मधोमध एक चीर पडलेली. काडी खुपसली ती कोरडी निघाली. सासूबाईंनी उंबऱ्यावर बसून तुकडा खाल्ला. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला केक. पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "तेलाचा वास येतुया. वाढदिसाला लोणी देते मी."

पुढं त्या कुकरात मी काय काय भाजलं! पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा केक, रव्याचा, गाजराचा. राखीपौर्णिमेला नारळीभाताऐवजी नारळाचा केक केला म्हणून बोलणीही खाल्ली. आळीतल्या बाया भांडं आणि पीठ घेऊन यायच्या आणि वाळू कुठली घ्यायची ते विचारायच्या. पण ते सगळं नंतरचं.

माघातला तो दिवस आला. संध्याकाळी पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. ताटात केक, वर खोबऱ्याचा कीस आणि रंगीत बडीशेप. मेणबत्ती नव्हती; सासूबाईंनी आपल्या हातानं निरांजन लावलं आणि ते शेवटपर्यंत तेवत ठेवायचं असं बजावलं. नवा फ्रॉक घालून लेक पाटावर बसली. बायांनी ओवाळलं. दीर धुतलेला सदरा घालून आले, केककडे बघून म्हणाले, "घरी केला? चांगला दिसतुया की." मी खाली बघून हसले. जिंकल्यासारखं वाटलं.

मी सुरी लेकीच्या हातात दिली. तिनं ती धरली, केककडे पाहिलं, आणि मागे वळून शेजारी उभ्या असलेल्या जावेच्या मुलापुढे केली. "घे दादा."

सगळे हसले. "गुणाची गं माझी बाय," म्हणत कुणीतरी तिचा गालगुच्चा घेतला. दीर म्हणाले, "काप रं, तुला सवय हाय." मुलगा पुढे आला. त्याची काय चूक, त्याला हाक मारली होती.

इतके दिवस मी दिरांशी, जावेशी, काकवीशी झगडत होते, आणि जिच्यासाठी झगडत होते तिला हा केक आपला आहे असं वाटलंच नव्हतं. वाटून खायची हौस म्हणून ती सुरी देत नव्हती. केक म्हणजे दादाचा, एवढं सरळ होतं ते. कुणी तिला धाक घालून हे सांगितलं नव्हतं. घरात बघून बघून ती आपलं आपण शिकली होती. आणि सगळे तिला गुणाची म्हणत होते. मला हसणाऱ्यांचा एवढा राग आला की पदर सावरायचं भान राहिलं नाही.

"थांब," मी म्हटलं. दिरांच्या शब्दाआड येण्याची माझी ती पहिली वेळ. "तिचा वाढदिवस हाय. तीच कापंल."

"अगं, ती आपनहून देतीया," जाऊ म्हणाली.

"देऊ द्या की, ताई. आधी कापू द्या, मग देऊ द्या."

मुलगा आईच्या मागे जाऊन उभा राहिला. मी लेकीपुढे उकिडवी बसले. "हा केक कुणाचा हाय?"

तिनं दादाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. उत्तर चुकेल अशी भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"तुझा हाय," मी म्हटलं. "तुझ्यासाठीच केलाय."

"समदा?"

"समदा."

तिनं सुरी दोन्ही मुठींत धरली आणि दाबली. वरची साल जरा कडक झाली होती, वेळ लागला. मदतीला दोघीतिघींचे हात पुढे आले, ते मी मागे सारले. अखेर एक वाकडातिकडा तुकडा निघाला. पहिला घास वडीलधाऱ्यांना भरवायचा, ही रीत. सासूबाईंनी वाकून तोंड पुढेही केलं होतं. लेकीनं तुकड्याकडे पाहिलं आणि तो अख्खा आपल्या तोंडात कोंबला.

"अगं, आजीला दे की आधी!" चारी बाजूंनी आवाज उठला.

गाल फुगवून ती माझ्याकडे बघत राहिली. चावायची थांबली होती.

"खा," मी म्हटलं.