मारोतीदादांनी मागितलेली एक ओळ

फोन सकाळी आला. मी परसात कपडे वाळत घालत होते. पलीकडून मारोतीदादांच्या बायकोचा, कौसाबाईंचा भाचा बोलत होता. ‘मामा गेले,’ तो म्हणाला; मागं मेंढरं ओरडत होती. मारोतीदादा गेले. देवगाव फाट्यापासून कोसभर आत असलेल्या गावात मेंढरं राखण्यात जन्म काढलेला, सत्तरीला टेकलेला माणूस. ते जाऊन आता महिना होऊन गेला. मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप, आणि तो अजून उतरलेला नाही.

आमचं नातं रक्ताचं नव्हतं. ते माझ्या वडिलांच्या हातून घडलेल्या अन्यायातून सुरू झालं. आणीबाणीचे दिवस होते. माझे वडील, अण्णा, त्या गावच्या शाळेत मास्तर होते, आणि नसबंदीच्या ‘केसेस’ आणायचं काम मास्तरांच्या गळ्यात पडलं होतं. केस आणली नाही तर निलंबन, असं तोंडी बजावलेलं. मारोतीदादा तेव्हा एकोणीस वर्षांचे, बिनलग्नाचे. लोकरीचं गाठोडं घेऊन मानवतच्या बाजाराला निघालेले, फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होते. जीप थांबली. तिघांनी त्यांना उचलून आत घातलं आणि शिबिराला नेलं. तिथं टेबलामागे अण्णा बसलेले दिसले तेव्हा ओळखीचं माणूस भेटलं म्हणून त्यांना हायसं वाटलं. ‘गुरुजी, मला कामून आनलंय?’ त्यांनी विचारलं. अण्णांनी मान वर केली नाही. कागदावर वय लिहिलं बत्तीस, अपत्ये दोन, आणि मारोतीदादांचा अंगठा धरून शाईत बुडवला. दोन माणसांनी खांदे दाबून धरले, एवढंच पुढचं मारोतीदादा सांगायचे.

दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. आपलं काय केलंय हे तोवर त्यांना कळून चुकलं होतं, पण लाजेपायी त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कौसाबाईंनाही नाही. सात वर्षं त्या बाईनं ‘वांझोटी’ ऐकून घेतलं. बारशाला तिला कुणी बोलवायचं नाही, नव्या नवरीची ओटी भरायला पुढं होऊ द्यायचं नाही. शेवटी भावकीनं दुसरी बायको करायचं ठरवलं आणि मारुतीच्या पारावर बैठक बसवली. त्या बैठकीत मारोतीदादा उठून उभे राहिले. फाट्यावर काय झालं ते सगळ्या गावासमोर त्यांनी सांगितलं, आणि बायामाणसांत मागं बसलेल्या बायकोकडं तोंड करून म्हणाले, ‘खोट तुझ्यात न्हाई. मी गप बसलो, हे माझं चुकलं. मला माफ कर.’ कौसाबाई मला सांगत होत्या, त्या दिवशी त्यांना आधी राग आला, मग लय रडू आलं, आणि मग सात वर्षांत पहिल्यांदा त्या मान वर करून पाण्याला गेल्या. एका माफीनं काय होतं असं विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते.

ही हकीकत अण्णांच्या कानावर आली तेव्हा आम्ही परभणीला राहायला आलो होतो. मी कॉलेजात होते. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन त्या गावी गेले. मारोतीदादा अंगणात घोंगडीवर बसले होते. अण्णा उभ्या उभ्याच म्हणाले, ‘मारोती, मी लिहिलं ते खोटं होतं. नोकरीला भ्यालो. मला माफ कर.’ माझ्या वडिलांना कुणापुढं हात जोडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मारोतीदादांनी कौसाबाईंना चहा टाकायला सांगितला. कपबशी अण्णांच्या हातात देऊन ते म्हणाले, ‘गुरुजी, तुमी भेलेत हे मला तवाच दिसलं हुतं. तुमचं मिटलं. पन ज्येनं तुमाला भेवडावलं, तेनं कवा म्हनावं?’

अण्णांनी तिथंच बसून सरकारच्या नावे अर्ज लिहून दिला. अण्णा होते तोवर ते लिहायचे, नंतर मी लिहू लागले. दर वर्षी सुगी उरकली की मारोतीदादा धुतलेलं धोतर नेसून परभणीला यायचे. भरपाई मागायची का, असं मी एकदा विचारलं होतं. ते नको म्हणाले. त्यांना सरकारच्या शिक्क्यानिशी एकच ओळ हवी होती: तुमच्यावर अन्याय झाला, आमचं चुकलं. चाळीसेक वर्षं एका ओळीसाठी हा माणूस कचेऱ्यांच्या बाकांवर बसला. कुणी हसून घालवलं, कुणी हे टेबल आपलं नाही म्हणालं, कुणी शस्त्रक्रियेचा पुरावा मागितला. पुरावा त्यांच्या अंगावर होता, तो बघायची कुणाची तयारी नव्हती. एक तरुण साहेब मात्र चांगले बोलले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं, की आजोबा, तेव्हाचं सरकार वेगळं, ती माणसं राहिली नाहीत, आता माफी कोण मागणार? मारोतीदादा शांतपणे म्हणाले, ‘सायेब, जातीच्या दाखल्याला माझ्या आज्याच्या नावाचा निजामाच्या वक्ताचा कागद तुमी मला मागता. तवा सरकार तेच जुनं आसतंय. चुकी निगाली की नवं कसं हुतंय?’

साहेबांनी अर्जावर पोचेचा शिक्का मारला. ओळ मिळाली नाही.

समुद्रापलीकडं माणसं विकून श्रीमंत झालेल्या राज्यांनी त्या गुलामांच्या वंशजांची माफी मागावी की नाही, यावर आपल्याकडचे विद्वानही तावातावानं बोलतात. आमच्या घरी टीव्हीवर अशीच चर्चा चालली होती आणि मारोतीदादा ऐकत बसले होते. एकदा माफी मागायला लागलं की ती कुठं थांबायची, असं एक जण म्हणाला. मला आजही त्या वाक्याची चीड येते. जुलूम करताना कुठं थांबायचं हे कुणी विचारलं होतं? जुन्या सरकारांचे पूल, धरणं, कायदे आपले म्हणून मिरवायचे, आणि त्याच हातांनी माणसांची केलेली नासधूस मात्र इतिहासाच्या खात्यावर ढकलायची, हा कुठला न्याय? माफीनं काही परत येत नाही हे मला कळतं. पण जो चुकलो म्हणत नाही, तो तेच पुन्हा करायची मुभा राखून ठेवतो. एका भित्र्या मास्तराला जे जमलं, एका अडाणी मेंढपाळाला भर पारावर जमलं, ते एवढ्या मोठ्या सरकारला का जमू नये?

तेराव्यानंतर चार दिवसांनी मारोतीदादांच्या शेवटच्या अर्जाचं उत्तर आलं. ‘अभिलेख आढळून येत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ ते पत्र पदराच्या गाठीत बांधून कौसाबाई एकट्याच एसटीनं परभणीला आल्या. अर्जापायी त्या याआधी कधीच आल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, ‘बाई, आतापत्तोर समद्या अर्जांत तेंचंच हुतं. माझं कुटंच न्हाई. आता माझं लिवा.’ मला लाज वाटली. इतके अर्ज लिहून मला हे कधी सुचलं नव्हतं.

आम्ही नवा अर्ज घेऊन कचेरीत गेलो. कारकून सज्जन होता. आधीचा अर्जदार मयत आहे, तेव्हा वारसांची नावं लागतील, असं त्यानं सांगितलं आणि पेन उघडून विचारलं, ‘मुलं किती?’

कौसाबाईंनी टेबलावर दोन्ही हात ठेवले.

‘लिवा, लेकरू न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘आन् कामून न्हाई, तेबी लिवा.’