ही लाइन कुणाची?

विश्रांतवाडीच्या नाल्यावर तो मला रोज सकाळी दिसायचा. दोरीला बांधलेल्या बाटलीने सांडपाणी काढायचा, उजेडात धरून बघायचा आणि बर्फाच्या डब्यात ठेवायचा. नाकाला साधा रुमालही नाही. मला चौकशी केल्याशिवाय राहवेना.

"संशोधन आहे," तो म्हणाला. "माणूस आजारी पडायच्या आधी रोग इथे दिसतो."

"मग पेपरात कसं येत नाही?"

"गटाराची बातमी चहाबरोबर कोण वाचणार?"

पुढच्या आठवड्यात तो आमच्या चौकातल्या चेंबरपाशी बसलेला दिसला. मग गल्लीत. मग सोसायटीच्या फाटकाशी.

"नाल्यात काहीतरी सापडलंय. कुठून येतंय ते शोधत वर सरकतोय," एवढंच बोलला.

काल तो आमच्या इमारतीमागच्या शेवटच्या चेंबरपाशी गुडघे टेकून बसला होता. हातात बाटली नव्हती. भिंतीतून येणाऱ्या पाइपकडे बोट करून त्याने विचारलं, "ही लाइन कुणाची?"

"तळमजल्याची. म्हणजे माझीच. मी एकटाच असतो."

"आपल्याला बरं वाटतंय ना?"

"अहो, एकदम ठणठणीत!"

तो उठला. इतके दिवस गटाराला न बिचकलेला तो माणूस माझ्यापासून दोन पावलं मागे सरकला.