पहिल्या वाटीचा मान

आमच्या सुसामीरच्या कुरणावर सायराकान वहिनीच्या किमिझासाठी लोक वाकडी वाट करून येत. घोडीचं दूध धुरी दिलेल्या कातडी पिशवीत आंबवायचं आणि दिवसभर घुसळायचं, हे आम्ही सगळ्याच करतो. पण तिच्याकडचं चाखलं की आमचं ताकवणी वाटे. "दूध घुसळता, की नवऱ्याचा राग काढता गं?" असं ती आम्हाला खुशाल विचारायची. आम्ही मनातून जळायचो.

हिवाळ्यात तिच्या नवऱ्याचा, मोल्दोकुलदादांचा, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचल्याचं कळलं. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार दूध पिण्याचा या आजाराशी संबंध असावा, असं काही अभ्यास म्हणतात. पण नक्की काही नाही. आता यांना आवडेल ते खाऊ-पिऊ द्या." वहिनीने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं.

"जन्मभर मीच पाजलं. मीच मारलं गं त्यांना," एवढंच ती बोलायची. समजावून समजावून आमची तोंडं दुखली. दादांना दूध, दही, सगळं बंद झालं. नुसता कोरा चहा.

घोड्या व्याल्या, पहिलं किमिझ तयार झालं. पिशवी उघडताना घरातल्या वडील माणसाने आशीर्वाद देऊन पहिली वाटी प्यायची. त्याआधी कुणाच्या ओठाला थेंब लागत नाही. शेजारपाजार जमला होता. वहिनी गेली आणि पलीकडच्या तंबूतल्या एसेनालीकाकांना घेऊन आली. बाहेरचा माणूस आम्ही बोलावतो तो फक्त विधवेच्या घरी. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! पण दादांच्या पोटात दूध जाऊ द्यायचं नाही, यापलीकडे तिला काही दिसतच नव्हतं.

काकांनी हात पसरले आणि दादांच्या अंथरुणाकडे बघितलं.

"द्या की आशीर्वाद, काका," दादा अंथरुणातून म्हणाले. "घरधनी मेलाय, लोक ताटकळलेत."

कुणीतरी चुकून हसलं.

"अहो, असं काय बोलता? तुमच्याच भल्यासाठी..."

"सायरा, एक घोट दे गं. तुझ्या हातचा."

"विष आहे ते!" ती किंचाळली.

मला तिचा भयंकर संताप आला. काकांनी कसाबसा आशीर्वाद पुटपुटला आणि खाली मान घालून वाटी रिकामी केली. दादा ते बघत राहिले.

त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही. चहासुद्धा नाही. अंगावर नुसती हाडं उरली, तेव्हा वहिनीचा धीर सुटला. वाटी भरून ती त्यांच्या उशाशी बसली. मी दादांचे पाय चेपत होते.

"अहो, घ्या ना. चुकलं माझं. थोडंसं तरी घ्या."

दादांनी डोळे उघडले. रागावलेलेही दिसले नाहीत.

"मेलेल्याला पाजत नाहीत, सायरा," ते म्हणाले आणि तंबूच्या कनातीकडे वळले.

नंतर ते बोललेच नाहीत. वहिनी मात्र ते जाईपर्यंत वाटी धरून तिथेच बसून होती.