गाईचं पान हरणाला

पेन्सिल्व्हेनियात आमच्या भागात परसातल्या हरणाला खायला घातलं तर कोणी विचारत नाही. परवाना काढून शिकारीच्या सीझनमध्ये हरीण मारलं तरी कोणी विचारत नाही. पण जिथे खायला टाकलंय, तिथे दबा धरून मारलं तर तो गुन्हा. टाकणारा दुसराच कोणी असला तरी पकडतात मारणाऱ्याला. हा कायदा मला शेजारच्या म्हाताऱ्यांनी ऑगस्टमध्ये कुंपणापाशी उभं राहून समजावला, आणि मी गणिताच्या तासाला बसल्यासारखी मान डोलावत राहिले.

ते निवृत्त प्लंबर, एकटेच राहायचे. आमच्या परसाला लागून त्यांच्या मालकीचं थोडं रान होतं. तिथे एका ओकच्या झाडावर त्यांनी बसायला लोखंडी मचाण बांधलं होतं. सप्टेंबरात धनुष्यबाणाचा सीझन सुरू झाला की ते त्यावर जाऊन बसत. मका टाकून हरीण बोलावणाऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "जेवायला बोलवायचं आणि मारायचं, ही शिकार नाही," असं ते म्हणाले होते. मग त्यांनी विचारलं, "तुझी आई रानाच्या कडेला काहीतरी ठेवते ना? ते बंद करशील? नाहीतर मला तिथे बसता येणार नाही."

मी म्हटलं, "शुअर. मी सांगते तिला."

आई रोज पहिली पोळी गाईला काढायची. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे कायमची राहायला आली, तेव्हा पोळीही आली, गाय तेवढी मागे राहिली. महिनाभर तिने ती पोळी नुसती ओट्यावर ठेवून बघितली. मग एका सकाळी रानाच्या कडेला एक हरिणी दिसली, डावा कान फाटलेली. आई म्हणाली, "खूर आहेत, चारा खाते, आणखी काय हवं?" त्या दिवसापासून पोळी हरिणीची झाली. बाबांनंतर आई पहिल्यांदा कशासाठी तरी घराबाहेर पडायला लागली होती. ते मी कसं बंद करणार? मी तिला एका शब्दाने सांगितलं नाही. शिवाय, खरं बोलायचं तर, मला त्या माणसाचा रागच यायचा. आम्ही अंडंसुद्धा न खाणारे, आणि याचा फ्रीझर मांसाने भरलेला. याच्या सोयीसाठी माझ्या आईने पोळी थांबवायची?

दोन आठवड्यांनी त्यांनी परत विचारलं. "शी स्टॉप्ड," मी म्हटलं. त्यांनी थँक्यू म्हटलं आणि ते विश्वास ठेवून मोकळे झाले.

पितृपक्षात बाबांची तिथी आली. मला भाऊ नसल्यामुळे पान आमच्याकडेच. आईने इंडियन स्टोअरमधलं फ्रोजन केळीचं पान आणवलं होतं. वडे, खीर, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी, सगळं पहाटेपासून एकटीने केलं. कावळ्याचं पान डेकवर ठेवलं आणि गाईचं रानाच्या कडेला, उंच गवतात. डेकवर कोणी फिरकलं नाही. आई दुपारभर खिडकीत उभी. "रागावलेत," ती दोनदा म्हणाली.

साडेचारच्या सुमाराला हरिणी आली. पानाला तोंड लावलं. आईने हात जोडले आणि मला हाक मारली, "अगं, ये, जेवताहेत!" मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि हरिणीने एकदम उडी घेतली. चार पावलं पळाली आणि पुढच्या पायांवर बसली. आवाज म्हणावा असा झालाच नाही. म्हातारे धनुष्य घेऊन मचाणावरून उतरताना दिसले, तेव्हा कुठे मला काय झालं ते कळलं. आई "अहो, अहो" म्हणत राहिली. बाबांना ती तशीच हाक मारायची.

हिरव्या गवतातलं हिरवं पान त्यांना वरून दिसलं नव्हतं. खाली आल्यावर दिसलं. ते पान हातात घेऊन आमच्या दाराशी आले, खीर मनगटावर ओघळलेली. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "मी शिकार खात्याच्या वॉर्डनला फोन केलाय. ते येतायत." स्वतःविरुद्धच तक्रार! कोणी पाहिलं नव्हतं, पान रानात फेकून दिलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता.

वॉर्डन आले, फोटो काढले, हरिणी ट्रकमध्ये घातली. मग त्यांनी मला विचारलं, इथे शिकार होते आणि खाणं ठेवायचं नाही, हे घरात माहीत होतं का? म्हातारे माझ्याकडे बघत होते.

"मी आईला सांगितलं होतं," मी इंग्रजीत म्हटलं. "तिचं वय झालंय. विसरते." आई माझ्या शेजारीच उभी होती, इंग्रजी न कळणारी. तिला माझ्या बारावीच्या परीक्षेचा सीट नंबर अजून पाठ आहे.

वॉर्डन गेल्यावर म्हातारे आईसमोर आले, टोपी काढून. "कसायाच्या जातीचा!" ती म्हणाली. "जेवत्या पानावर मारलंस रे! माझ्या माणसाला जेवत्या पानावरून उठवलंस! तुझं कधी भलं व्हायचं नाही." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "मला पान दिसलं नाही, सॉरी, हे तिला सांग. आणि सांग की यात तिची काही चूक नाही."

ते वाक्य मराठीत कसं सांगणार होते मी? चूक तिची नाही, तर मग कोणाची, हे तिने विचारलंच असतं. रोजच्या पोळीने हरिणीला तिथे यायची सवय लागली, हेही आलं असतं. मी आईकडे वळले आणि म्हटलं, "तो म्हणतोय, सीझन आहे, चालतं."

आई आत गेली आणि तिने अंगावर पाणी घेतलं.

त्यांचा परवाना गेला. मचाण त्यांनी त्याच आठवड्यात उतरवलं. आता आई रोज पोळी ठेवते, ती झाडावरच्या खारी येऊन खातात.

डिसेंबरात पहिला बर्फ पडला, तेव्हा सकाळी उठून बघते तर म्हातारे आमचा ड्राइव्हवे फावड्याने साफ करत होते, अगदी रस्त्यापर्यंत. आई चहाचा कप घेऊन खिडकीशी आली आणि म्हणाली, "पाप फेडतोय मेला."

मी म्हटलं, "हो."